मानवलेली हवा

पुष्पाबाई वांगी निवडता निवडता सहज बोलून गेली. लेकीच्या बाळंतपणासाठी ती मुंबईला गेली होती, पावसाळा तिकडेच काढून परवा परतली होती, आणि बुलढाण्याच्या आठवडी बाजारात भेटेल त्याला तिकडच्या गोष्टी सांगत होती. तिची लेक आणि इंद्रभानचा मेहुणा मोतीराम परळला एकाच चाळीत राहत. तेव्हा मोतीरामकडे राहायला गेलेल्या त्याच्या बायकोची, रुख्मिणीची, खुशाली ती सांगणारच होती, आणि इंद्रभान ती ऐकायला तयार होता. बरी आहे, अंगानं भरली आहे, एवढं ऐकून त्याने मान हलवली असती आणि चार वांगी वरती घातली असती. पण पुष्पाबाईने एक वांगं उलटंपालटं करून पुन्हा ढिगात टाकलं आणि म्हणाली, “तुमची रुख्मिणी आता पान्याची भरली बादली घेऊन तीन माळे चढते. मधात कुठी थांबत नाई. वर पोचली का हासते.”

तराजूचं पारडं तसंच लोंबत राहिलं. किलोची वजनं येऊन बरेच दिवस झाले होते, तरी बायका अजून शेर-पावशेरच मागत, आणि इंद्रभान मनातल्या मनात ते बसवून वजन टाकत असे. ते त्या दिवशी त्याला जमेना. पुष्पाबाई जास्तीची वांगी पदरात घेऊन त्याचं कौतुक करत पुढे गेली आणि तो सांबाराच्या, कोथिंबिरीच्या, जुड्यांवर पाणी शिंपडत बसला. आपल्याला आनंद व्हायला पाहिजे, हे त्याला कळत होतं. ज्या बाईला ओट्याच्या दोन पायऱ्या चढताना भिंत धरावी लागे ती बाई बादली घेऊन माळे चढते, यासाठीच तर तिला पाठवलं होतं. पण जोंधळ्याचं कूस सदऱ्यात शिरावं आणि कुठे टोचतंय ते सापडू नये तसं त्याला झालं होतं. बादलीचं त्याला काही वाटलं नव्हतं. माळ्यांचंही नाही. ते हसणं त्याच्या मनातून जाईना. बुलढाण्यात रुख्मिणी हसायला भ्यायची. हसलं की खोकला यायचा, खोकल्यामागून धाप लागायची, म्हणून ती पदराचा बोळा तोंडावर धरून नुसती डोळ्यांनी हसायची, आणि ते डोळ्यांतलं हसू घरात एकट्या त्यालाच ओळखू यायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आधी नव्या सुनेची लाज आणि मग दमा, त्याने तिचं मोठ्याने हसणं कधी ऐकलं नव्हतं. पुष्पाबाईने ऐकलं होतं. त्या चाळीतल्या कुणाकुणाने, नळावरच्या बायांनी, वर-खाली करणाऱ्या पोरांनी, सगळ्यांनी ऐकलं होतं.

संध्याकाळी तो रिकाम्या टोपल्या घेऊन चिखलीच्या वाटेवरच्या आपल्या मळ्यात परतला, तेव्हा आई, अन्नपूर्णाबाई, चुलीपाशी कपाशीच्या पऱ्हाट्या मोडत बसली होती. त्याने तिला रुख्मिणीची खुशाली सांगितली. बरी आहे म्हणाला. हसण्याचं सांगितलं नाही. आईने देवाला हात जोडले आणि पऱ्हाट्या चुलीत सारल्या. धूर झाला. त्या धुराकडे बघताना त्याला आठवलं की रुख्मिणी उंद्रीच्या माहेराहून नवी नवी आली तेव्हा हाच धूर, हीच चूल, आणि ती तासन् तास पुढ्यात बसून भाकरी थापायची. दमा दोन वर्षांनी सुरू झाला. मिरच्या वाळत घातल्या होत्या, पौषातलं कोरडं वारं सुटलं होतं, आणि ती खोकायला लागली ती थांबेचना. मग ते दर हिवाळ्याला ठरून गेलं. आधी तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजायची. ती शिट्टी तिच्याही आधी त्याला ऐकू यायची. तो विहिरीवर असो, वाफ्यात असो, काम टाकून यायचा, तिला बसतं करायचा, पाठीमागे स्वतः बसायचा आणि तूप-सैंधव चोळलेला तळहात तिच्या पाठीवरून वर-खाली फिरवत राहायचा. ती मान मागे टाकून त्याच्या खांद्यावर डोकं टेकायची. बोलता येत नसे तेव्हा दोन बोटांनी त्याचं मनगट धरायची. गावातल्या बाया म्हणायच्या, असा नवरा पाहिला नाही. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पण एक गोष्ट त्याने कधीच कुणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही धडपणे सांगितली नव्हती. त्या वेळांइतका तो दुसऱ्या कुठल्याच वेळी कुणाला लागत नव्हता. मळा मोटेवर चालला असता, बाजार कुणीही केला असता. तो तळहात मात्र त्याचाच लागायचा.

गावाला आपल्या हवेचा अभिमान होता. बुलढाणा पठारावरचं, खाली मलकापूरकडे वैशाखात नुसती भट्टी पेटलेली असताना इथं संध्याकाळी अंगावर पांघरूण लागे. पूर्वी साहेब लोक उन्हाळा काढायला इथं येत, असं म्हातारे सांगायचे, आणि आता नव्या जिल्हा परिषदेत बदलून येणारे अधिकारीही आल्या आल्या तेच म्हणायचे, काय हवा आहे हो तुमची. इंद्रभानलाही ते ऐकून आपण काहीतरी कमावल्यासारखं वाटे. म्हणून खामगावच्या डॉक्टरने जेव्हा रुख्मिणीची छाती तपासून सांगितलं की हिला इथली हवा सोसत नाही, कोरडी हवा, थंडी, मिरचीचा खकाणा, धूर, काही महिने समुद्राकाठी ठेवून बघा, तेव्हा त्याला पहिल्यांदा अपमानच वाटला. कुणी येऊन त्याच्या विहिरीचं पाणी खारं म्हणावं तसा. पण त्या फाल्गुनात तिची नखं निळी पडली, आणि मोतीराम स्वतः येऊन तिला घेऊन गेला. मलकापूरच्या स्टेशनावर गाडी हलली तेव्हा ती खिडकीशी बसून दोन्ही हातांनी गज धरून श्वास ओढत होती. त्याच्याकडे बघायलाही तिला सवड नव्हती.

मग मोतीरामची कार्डं येऊ लागली. पहिल्याच कार्डात होतं, रुख्मिणीला हवा मानवली. त्यापुढे प्रत्येक कार्डात इंद्रभानला भेटायला येण्याबद्दल काहीतरी असायचं, आणि ते नेहमी पुढच्या ऋतूबद्दल असायचं. चैत्रात त्याने येतो म्हणून कळवलं, तर उत्तर आलं की आत्ता इथं उकाडा फार, अंगाला सारखा चिकचिक घाम, तुम्हा वरच्या हवेच्या माणसाला सोसायचा नाही. आषाढात तो पुन्हा निघायला तयार झाला, तर पावसानं रस्ते तुंबलेत, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी आली आहे, पाहुण्याला बसवायलाही कोरडी जागा नाही. श्रावण-भाद्रपद तसेच गेले. त्यानंतर, म्हणे, आश्विनातलं ऊन फार वाईट, मुंबईचं माणूसही तेव्हा कावतं. दिवाळी होऊ द्या, मार्गशीर्ष-पौषात या, तेव्हा इथली हवा खरी छान असते, सकाळी समुद्रावरून गार वारा येतो, तेव्हा पाहुण्यांनी यावं. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात रुख्मिणीच्या हातची एखादी वाकडी ओळ असायची, तब्येत जपा, सासूबाईंना नमस्कार. या कार्डांत कपट नव्हतं, हे त्याला कळत होतं. मोतीराम सरळ माणूस. गोदीत फिटरचं काम करणारा, बहिणीवर जीव टाकणारा. पण जी हवा मुंबईकरांनाही नकोशी होते ती तिला मात्र दर ऋतूत चालत होती. चैत्रात चालली, आषाढात चालली. सोसायची नाही ती फक्त त्याला.

त्याच्या मनात एकदा-दोनदा तेही येऊन गेलं, जे अशा वेळी कुठल्याही पुरुषाच्या मनात येतं. त्याने चाळीतला एखादा माणूस कल्पून बघितला. जिन्यात भेटणारा, बादली हातातून घेणारा. पण त्या माणसाला चेहरा येईना. रुख्मिणीला तो ओळखून होता. आणि माणूस असता तर सोपं होतं, असंही त्याला वाटून गेलं. माणसाशी भांडता येतं, त्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं. इथं तिला जे भेटलं होतं ते तिच्या नाकातोंडातून आत जात होतं, छातीत उतरत होतं, तिला भरून टाकत होतं, आणि तिने मागावं न मागावं तरी दर क्षणाला पुन्हा येत होतं. त्याने सात हिवाळे पाठ चोळून जे झालं नाही ते त्या खाऱ्या, कुबट हवेने काही न करता करून दाखवलं होतं. वाफ्यात मेथी पेरताना तो मध्येच थांबून छाती भरून श्वास घ्यायचा. गार, स्वच्छ, ओल्या मातीचा वास असलेला. यात वाईट काय आहे, असं तो कुणाला तरी विचारत असल्यासारखा उभा राहायचा.

दसरा झाल्यावर तो कुणालाही न कळवता निघाला. आईने विचारलं, त्यायनं तर पौषात ये म्हटलं होतं ना. तो म्हणाला, बायकोले भेटाले मुहूर्त लागत नाई.

परळला पोचला तेव्हा सकाळचे नऊही वाजले नव्हते, पण ऊन डोक्यावर हात ठेवल्यासारखं जड होतं. सदरा पाठीला चिकटला होता. पिशवीत त्याने मळ्यातली वांगी, तुरीची डाळ आणि आईने दिलेला लाडवांचा डबा आणला होता. चाळीचा जिना लाकडी, अंधारा, ओल्या चिंध्यांच्या वासाचा. पहिला माळा तो चढला. दुसऱ्याच्या मध्यावर त्याला वाटलं की आत येणारी हवा आत येतच नाही, नाकाशी येऊन कोमट पाण्यासारखी थांबते. तो कठडा धरून उभा राहिला. वरून कुणीतरी भराभरा उतरत आलं, आणि अंधारात बांगड्या वाजल्या तेव्हाच ती रुख्मिणी असल्याचं त्याला कळलं, पावलांवरून कळलं नाही. ती पावलं त्याच्या ओळखीची नव्हती. “अवो, तुमी?” ती म्हणाली, आणि खरोखरच हसली. मोठ्याने, गळ्यातून, जिना भरून. ते हसणं चांगलं होतं. त्याला ते आवडलं, आणि आवडलं म्हणूनच सोसवेना. त्याची धाप बघून तिने पिशवी घेतली, एक पायरी खाली आली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून वर-खाली फिरवू लागली. अगदी त्याच्यासारखा. तिला तो कसा फिरवायचा ते बरोबर माहीत होतं. इंद्रभानने खांदा झटकून तो हात बाजूला केला. मले काई झालं नाई, म्हणाला. ती वळली. पिशवी घेऊन वर गेली आणि वरच्या माळ्यावर त्याची वाट बघत उभी राहिली.

तिथे तो पाच-सहा दिवस राहिला असेल. मोतीराम त्याला पाव्हणे म्हणायचा. हा मान पूर्वीपासूनचाच होता, पण आता त्या शब्दाची त्याला चीड येऊ लागली. आपल्याच बायकोच्या घरात तो पाहुणा होता, आणि तोही चुकीच्या महिन्यात आलेला. मोतीरामची बायको, बेबीताई, मुंबईचीच होती, मायाळू होती, आणि तिने पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला. अहो, या दिवसांत कुणी येतं का मुंबईत, थंडीत यायचं होतं. शेजारचे आले, तेही तेच म्हणाले. खालचा वाणी म्हणाला, नळावरच्या बायांनीही हाच विषय काढला. जो तो त्याला ऋतू समजावून सांगत होता. त्याच्या अंगावर घामोळं उठलं होतं, पंख्याखाली बसलं तरी घाम मानेवरून ओघळायचा, भात घशाखाली उतरत नव्हता. रुख्मिणी त्याच्या पाठीला चंदन लावायची, लिंबाचं सरबत करून द्यायची, आणि मधूनच त्याला सोडून गॅलरीत जाऊन कुणाशी तरी बोलायची. बोलताना ती आता ‘मला’ म्हणायची, ‘मले’ म्हणायची नाही. त्याच्याशी बोलताना पुन्हा ‘मले’ म्हणायची, आणि या बदलात तिला काहीच विशेष वाटत नव्हतं. पातळ बदलावं तसं ती बोलणं बदलत होती. एका संध्याकाळी तिने त्याला समुद्रावर नेलं. वाळूत ती पुढे चालत होती, तो मागे. वाऱ्याने तिचा पदर फडफडत होता. तिने तोंड वाऱ्याकडे केलं, डोळे मिटले आणि एक लांब श्वास घेतला. इतका लांब की तो संपायची वाट बघत इंद्रभान उभा राहिला. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते त्याने फक्त एकदा बघितलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांत, अगदी जवळून. त्याने नजर वळवली. दुसऱ्याच्या खोलीत नकळत डोकावल्यासारखं त्याला झालं.

पण खरा घाव त्याला पहाटेचा बसायचा. बुलढाण्यात पहाटे जाग आली की डोळे न उघडता त्याला कळायचं की रुख्मिणी शेजारी आहे. छातीतली ती बारीक शिट्टी वाजत असायची, कमी-जास्त, आणि तिच्यावरून आजचा दिवस कसा जाणार तेही त्याला कळायचं. इथं जाग आली की शेजारी काहीच ऐकू यायचं नाही. ती इतकी शांत झोपायची की ती आहे का उठून गेली, हे बघायला त्याला मान वळवावी लागे. ती असायची. तोंड किंचित उघडं, कपाळावर घामाचे थेंब, छाती सावकाश वर-खाली. तो कान लावून पडायचा. एखादी तरी शिट्टी, अगदी बारीक. आपण कशाची वाट बघतोय हे एका पहाटे त्याच्या लक्षात आलं, आणि तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली गिरणीला जाणारी माणसं जात होती. मी तिचं वाईट चिंतत नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण मन वळलं नाही. ते पुन्हा आत जाऊन तिच्या छातीशी कान लावून बसलं.

त्याच दिवशी दुपारी तो तिला म्हणाला, घरी चाल. म्हणताना त्याने भांडणाची तयारी केली होती. ती नको म्हणणार, डॉक्टरचं नाव काढणार, भावाला मध्ये घालणार, आणि मग आपण काय काय बोलायचं ते त्याने जुळवून ठेवलं होतं. रुख्मिणी तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. “चाला ना,” ती म्हणाली. “मी तर तुमी कवा म्हनता त्याचीच वाट पाहून राह्यली होती.” मोतीरामने विरोध केला, रागावलासुद्धा. थंडीच्या तोंडावर हिला नेता, निदान उन्हाळा येऊ द्या. बेबीताई रडली. रुख्मिणीनेच त्यांना समजावलं, घर आहे, सासूबाई एकट्या आहेत, किती दिवस राहायचं. ती खुशीने ट्रंक भरत होती. इंद्रभान तिच्याकडे बघत बसला होता आणि त्याला कळत होतं की त्याला जे हवं होतं ते मिळालं आहे, आणि ते त्याने मागायच्या आधीपासून त्याचंच होतं. त्या क्षणी तो म्हणू शकला असता, राहा, फाल्गुनात नेतो. शब्द अगदी ओठांशी होते. पण खाली नळाला पाणी आलं, कुणीतरी तिला ‘रुख्मिणीताई’ म्हणून हाक मारली, ती ‘आले, आले’ म्हणत पळाली, आणि त्याने उघडी राहिलेली ट्रंक लावून टाकली.

मलकापूरला उतरून त्यांनी बुलढाण्याची एस. टी. धरली. मोताळा मागे पडलं, गाडी राजूरचा घाट चढू लागली आणि हवा बदलली. संध्याकाळ होत होती. गार वारा खिडकीतून आत आला. इंद्रभानचं अंग इतक्या दिवसांनी सुकलं, घामोळं निवलं, त्याने पोटभर श्वास घेतला. आणि मग, इंजिनाच्या घरघरीखाली, दुसऱ्या कुणालाही ऐकू येणार नाही अशी, ती शिट्टी वाजली. रुख्मिणीने खिडकी लावून घेतली आणि पदर नाकाशी धरला. त्याने हात मागे नेऊन तिच्या पाठीवर ठेवला. तळहाताखाली ती बारीक थरथर लागली, ओळखीची, आणि त्याच्या आत काहीतरी सैल झालं, दिवसभर आवळून धरलेली मूठ उघडावी तसं. चेहरा तिच्याकडून वळवून तो बाहेर काळोखत चाललेल्या दरीकडे बघत राहिला. आपण हसतो आहोत की काय, अशी त्याला भीती वाटली.

तो हिवाळा त्याने तिला फुलासारखं जपलं. मिरच्या दूरच्या पडवीत वाळत घातल्या. चूल बाहेर काढली. आईने एकदा त्या पऱ्हाट्या पेटवल्या तर तिच्यावर रागावला. अडुळशाचा काढा स्वतः उकळायचा. एवढं करूनही पौष लागताच तिचा दम वाढला. खामगावहून गोळ्या आणल्या, गावातल्या डॉक्टरची इंजेक्शनं झाली. ती अंगाने उतरली, गालफडं बसली, आणि हसताना पुन्हा पदराचा बोळा तोंडाला लावू लागली. कधीतरी, बरी असली म्हणजे, ती चाळीतल्या गोष्टी आईला सांगायची, नळावरचं भांडण, बेबीताईची फजिती, आणि सांगता सांगता खोकला यायचा आणि गोष्ट अर्धवट राहायची. इंद्रभानला ती अर्धवट राहिलेली बरी वाटायची. बाजारात लोक विचारायचे, आणली का बायकोले. तो हाव म्हणून होकार द्यायचा, आणि त्याची मान ताठ असायची. या सगळ्यात तो दिवसभर कष्टत होता, झोप मोडून बसत होता, वाळला होता, आणि तरी सकाळी विहिरीवर तोंड धुताना त्याच्या ओठांवर नकळत गाणं यायचं. ते कानावर आलं की तो गप्प व्हायचा.

एका सकाळी, ऊन अंगणात यायच्या आधी, तिला मोठा झटका आला. त्याने तिला बसतं केलं, पाठीमागे बसला आणि तळहात फिरवू लागला. तिची मान त्याच्या खांद्यावर होती. दोन बोटांनी तिने त्याचं मनगट धरलं होतं. अर्धा-पाऊण तास तसाच गेला असेल, आणि मग सावकाश सावकाश श्वास खाली बसला. समोरच्या भिंतीवर एक छोटा आरसा टांगलेला होता, दाढी करायचा. त्यात दोघांचेही चेहरे दिसत होते. इंद्रभानचं तिकडे लक्ष नव्हतं. रुख्मिणी बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे. मग तिने त्याच्या मनगटावरची बोटं काढून घेतली.

“तुमाले बरं वाटून राह्यलं,” ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. बाहेर आभाळ आलंय म्हणावं तशी ती म्हणाली. त्याचा हात थांबला. त्याने आरशात बघितलं, आणि तिथे जो माणूस होता तो दमलेला, दाढी वाढलेला, आणि सुखी होता. खोटं बोलायला त्याला पुष्कळ वेळ मिळाला. ती थांबली होती. आई बाहेर झाडत होती, तिच्या खराट्याचा आवाज येत होता.

“हाव,” तो म्हणाला.

ती रडली नाही. थोडा वेळ तशीच त्याच्या खांद्याला टेकून बसली, नाहीतरी तिला दुसरं टेकायला काही नव्हतं. मग म्हणाली, “मंग मले आता पोचवून द्या. याच्यापेक्षा जास्त झालं तर तुमाले हे सोडवनार नाई, आन् मलेबी नाई.” त्याने विचारलं, परत कवा येशील. ती म्हणाली, आखाडात. पाऊस झाला की इथली धूळ बसते, तेव्हा तिला इथं चालेल. दोन महिने राहीन, मग जाईन. दर वर्षी असंच करू. हे तिने आधीच ठरवून ठेवलं होतं, असं त्याला वाटलं. कदाचित घाटातच, खिडकी लावून घेतानाच. तिच्याच घरी ती आता ऋतू बघून येणार होती.

दोन दिवसांनी तो तिला मलकापूरला घेऊन गेला. तोही बरोबर मुंबईपर्यंत जायला निघाला होता, तेव्हा ती नको म्हणाली. सगळे म्हणत होते ते पाहुण्यांनी मुंबईला जायचे चांगले दिवस हेच होते, गार वाऱ्याचे, पण ती नको म्हणाली, आणि त्याने आग्रह केला नाही. मोतीरामला तार केली. बायकांच्या डब्यात अकोल्याकडची एक म्हातारी बसली होती, मनकर्णाबाई नावाची, कल्याणला नातवाकडे चाललेली. इंद्रभानने तिला हात जोडून सांगितलं की ही दम्याची आहे, जरा लक्ष ठेवा, धाप लागली तर बसती करून पाठीवरून हात फिरवा. असा, म्हणून त्याने हवेत हात फिरवून दाखवला. म्हातारी हो हो म्हणाली. तिचं अर्धं लक्ष आपल्या गाठोड्याकडे होतं. रुख्मिणी खिडकीशी बसली. श्वास ओढत होती, तरी या वेळी तिने त्याच्याकडे बघितलं, आणि गाडी हलली तेव्हा गजांतून हात बाहेर काढून त्याच्या हाताला लावला. हात थंड होता.

परतीच्या एस. टी.त त्याला खिडकी मिळाली. घाट लागला, वारा आत आला, आणि त्याने काच खाली केली नाही. मनाने तो दुसऱ्याच वाटेने चालला होता. आता भुसावळ गेलं असेल. आता चाळीसगाव येईल, मग मनमाड, मग नाशिक. इगतपुरीला थंडी लागेल, ती पदर नाकाला लावेल. आणि मग गाडी कसाऱ्याचा घाट उतरू लागेल, हवा हळूहळू जड आणि ओलसर होत जाईल, आणि कुठल्या तरी बोगद्याच्या पलीकडे, कुठल्या तरी वळणावर, तिच्या छातीतली शिट्टी थांबेल. ते थांबणं त्याने आजवर कधी ऐकलं नव्हतं. ते मागच्या खेपेलाही त्याच्या नजरेआड, खाली उतरल्यावर कुठेतरी झालं होतं. ती मान वर करेल, एक लांब श्वास घेईल, आणि शेजारी ती म्हातारी बसलेली असेल, गाठोड्यावर हात ठेवून पेंगत. तिला कळणारही नाही. इंद्रभानने डोळे मिटून घेतले. मुंबईचा त्याला आता राग येत नव्हता, समुद्राचा नाही, त्या चाळीचाही नाही. त्या म्हातारीचा मात्र त्याला इतका हेवा वाटला की त्याने समोरच्या बाकाची दांडी घट्ट धरली आणि घाट संपेपर्यंत सोडली नाही.